गोंधळ झाला की फोन आपण करायचा : कस्टमर सपोर्टमध्ये नवीन आलेल्यांसाठी

नवीन नोकरीत पहिले दोन आठवडे ट्रेनिंगमध्ये जे शिकवतात ते सगळं नीट चाललेल्या दिवसाचं असतं. फोन कसा उचलायचा, नाव कसं विचारायचं, सिस्टममध्ये कुठलं बटण कुठे आहे, शेवटी "अजून काही मदत हवी आहे का" हे कुठल्या सुरात म्हणायचं. आणि मग तिसऱ्या आठवड्यात एके दिवशी सिस्टमच बसते, किंवा माल भलत्याच पत्त्यावर जातो, किंवा एकच रूम दोघांना दिलेली निघते, माणूस समोर उभा असतो आणि स्क्रिप्टमध्ये या प्रसंगाचं पानच नसतं. त्या वेळी काय करायचं ते इथे लिहितेय. मी काउंटर, फोन, चॅट अशा तिन्ही ठिकाणी बरीच वर्षं काढलीत आणि यातलं बहुतेक सगळं चुका करूनच शिकलेय, त्यामुळे क्रम थोडा मागेपुढे वाटला तर चालवून घ्या.

माझं म्हणणं एकच आहे. वस्तू बिघडली की कस्टमर चिडतोच, पण खरा भडका उडतो तो बिघाड निस्तरायची पायपीटही त्यालाच करावी लागते तेव्हा. चूक आपली आणि फोन त्याने करायचे, होल्डवर गाणं त्याने ऐकायचं, तीच कहाणी पाच जणांना त्यानेच सांगायची. पुढाकार घेणं म्हणजे काही फार थोर गोष्ट नाही हो, ती पायपीट त्याच्या अंगावरून काढून आपल्या अंगावर घ्यायची, बास.

हे नुसतं माझं मत नाही. ग्राहकसेवेचा अभ्यास करणाऱ्या संशोधक मेरी जो बिटनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये विमान कंपन्या, हॉटेलं आणि रेस्टॉरंटच्या ग्राहकांचे जवळपास ७०० प्रसंग गोळा करून तपासले होते. वाईट आठवणींमध्ये मोठा वाटा निघाला तो काहीतरी बिघडल्यावर कर्मचारी कसा वागला याचा, पण गंमत म्हणजे चांगल्या आठवणींमध्येही जवळपास पाव हिस्सा असाच होता, म्हणजे आधी काहीतरी फसलं होतं आणि मग समोरच्याने ते नीट सांभाळलं. फसलेला दिवस लोक लक्षात ठेवतात, कसा ठेवतात ते बरंचसं आपल्या हातात असतं.

आता माझी फजिती ऐका, कारण पुढे ती सारखी येणार आहे. एका बाईंनी वॉशिंग मशीन घेतलं होतं, बसवायला माणूस येणार होता तो दोनदा आलाच नाही. शुक्रवारी संध्याकाळी त्यांचा फोन मी घेतला, अगदी गोड बोलले, "मॅडम, उद्या संध्याकाळपर्यंत नक्की होईल" म्हणाले, टिकेटमध्ये, म्हणजे सिस्टममधल्या त्या तक्रारीच्या नोंदीत, "कस्टमरला कळवले" एवढे दोन शब्द लिहिले आणि घरी गेले. पुढचे दोन दिवस माझी सुट्टी. त्या दोन दिवसांत बाईंनी चार फोन केले, चार वेगळ्या लोकांना पहिल्यापासून सगळं सांगितलं आणि चौघांनीही टिकेट उघडून त्यांना सांगितलं की "मॅडम, इथे तर तुम्हाला कळवलंय असं दिसतंय." सोमवारी योगायोगाने फोन परत माझ्याकडेच आला. मी नाव सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "तुम्हीच का त्या? बरं झालं. मला वाटायला लागलं होतं की तुम्ही खऱ्या नाहीचात." आरडाओरडा केला असता तर बरं वाटलं असतं मला.

काही बिघडायच्या आधी: आपली मुभा किती ते विचारून ठेवा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग ऐन वेळी "एक मिनिट, सरांना विचारून सांगते" करत बसतात. पहिल्याच आठवड्यात टीम लीडरला गाठा आणि सरळ विचारा: कोणाला न विचारता मी किती रकमेपर्यंत रिफंड देऊ शकते? डिलिव्हरीचे पैसे माफ करू शकते का? खराब वस्तू परत यायच्या आधी नवीन पाठवता येते का? ऑफिस बंद झाल्यावर कोणाला उठवायचं, आणि त्याने फोन नाही उचलला तर दुसरं कोण? उत्तरं कागदावर लिहा आणि कागद स्क्रीनशेजारी चिकटवा, डोक्यात ठेवू नका, गोंधळात डोकंच सगळ्यात आधी बंद पडतं.

रिट्झ-कार्लटन हॉटेलांचं उदाहरण या धंद्यात सगळे देतात: तिथे कुठल्याही कर्मचाऱ्याला पाहुण्याची अडचण सोडवायला वरच्यांना न विचारता २,००० डॉलरपर्यंत खर्च करायची मुभा दिली गेली. लोक आकडा ऐकून हरखतात पण त्या आकड्यात फारसं काही नाही, रोज कोणी एवढे पैसे उडवत नाही. मुद्दा असा की खोल्या साफ करणाऱ्या माणसालाही माहीत असतं की मी आत्ता, इथेच हे सोडवू शकतो. तुमची मुभा त्याच्या शंभराव्या हिश्शाएवढी असेल तरी चालेल, पण ती माहीत पाहिजे. आणि टीम लीडर म्हणाला की "तसं काही ठरलेलं नाही, प्रत्येक वेळी विचार", तर तेही लिहून घ्या, निदान कोणाला किती वेळात विचारायचं ते तरी ठरवून घ्या.

कळल्या कळल्या: पाच मिनिटं फक्त मोजा

बिघाड समजला की लगेच फोन उचलायचा मोह होतो. थांबा. पाच मिनिटं काढून तीन गोष्टी बघा: नक्की काय बिघडलंय, कोणाकोणाला त्याची झळ बसणार आहे, आणि त्यातलं कोणाचं काम वेळेवर अडलंय. समजा माल घेऊन येणारी गाडी वाटेत बंद पडली आणि अकरा डिलिव्हऱ्या अडकल्या. त्यातल्या नऊ जणांना उद्या मिळालं तरी फरक पडत नाही, एकाने त्यासाठी सुट्टी काढलीये, आणि एकीच्या ऑर्डरमध्ये नेब्युलायझर, म्हणजे श्वासावाटे औषध द्यायचं यंत्र आहे. पहिला फोन कोणाला ते सांगायला नको. पण प्रत्यक्षात काय होतं, तर ज्याने सोशल मीडियावर तीन पोस्ट टाकल्या त्याच्या मागे सगळी टीम धावते आणि गप्प बसलेली बाई तशीच राहते. जो जास्त ओरडतो त्याचं नुकसान जास्त, असं काही नसतं.

मग फोन: त्याने विचारायच्या आधी

आता ही माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात नकोशी पायरी. वाईट बातमी आपणहून द्यायची. आपल्याला वाटतं, कशाला सांगायचं, कदाचित तासाभरात सुटेलही, कदाचित त्याच्या लक्षातही येणार नाही. येतं. आणि त्याने विचारल्यावर सांगितलं तर तीच माहिती सबब वाटते, आधी सांगितली तर निरोप वाटतो, शब्द अगदी तेच असले तरी.

डेव्हिड मायस्टर या व्यवस्थापनाच्या अभ्यासकाने १९८५ मध्ये रांगेत थांबण्याच्या मानसशास्त्रावर लिहिलं होतं, त्यातल्या दोन गोष्टी मला रोज उपयोगी पडतात: किती वेळ लागणार हे माहीत नसेल तर थांबणं लांबलचक वाटतं, आणि का थांबलोय हे माहीत नसेल तर अजूनच लांबलचक. म्हणजे गाडी लवकर दुरुस्त करणं तुमच्या हातात नसलं तरी थांबणं छोटं करणं तुमच्या हातात आहे. कारण सांगा आणि वेळ सांगा.

"पण मॅडम, मलाच माहीत नाही कधी होईल ते, काय सांगू?" हा प्रश्न प्रत्येक नवीन मुलगा विचारतो. अरे, मग पुढचा फोन कधी करणार ते सांग! असं: "नमस्कार सर, तुमची आज येणारी डिलिव्हरी आज येत नाहीये, गाडी वाटेत बंद पडलीये. दुसरी गाडी कधी निघेल ते मला अजून कळलेलं नाही. साडेपाच वाजता मी तुम्हाला परत फोन करते, तोपर्यंत कळलं असो नसो." शेवटचे चार शब्द नीट वाचा, सगळी ताकद तिथे आहे. आणि साडेपाचला फोन करायचाच, सांगायला काही नसलं तरी करायचा, "सर अजून काही कळलं नाही, आता साडेसातला करते" एवढंच म्हणायला. हसू येईल तुम्हाला, पण ज्याला असे दोन फोन वेळेवर आले तो माणूस तिसऱ्या फोनला आपल्यालाच धीर देतो, असं माझ्या बाबतीत कितीतरी वेळा झालंय.

मोठ्या कंपन्यांनाही हे चटके बसूनच कळतं. फेब्रुवारी २००७ मध्ये बर्फाच्या वादळात जेटब्लू या अमेरिकन विमान कंपनीचे प्रवासी न्यूयॉर्कच्या विमानतळावर तासन् तास विमानातच अडकून बसले होते, खूप बोभाटा झाला. आठवडाभरातच कंपनीने ग्राहकांच्या हक्कांची एक सनद काढली, किती उशीर झाला तर काय भरपाई मिळेल ते तिच्यात होतं, पण त्यासोबत हेही होतं की उशीर होणार असेल, विमान रद्द होत असेल तर आम्ही ते आणि त्याचं कारण तुम्हाला कळवू. म्हणजे कळवणं हा सुद्धा हक्क म्हणून लिहून द्यावा लागला.

समोरचा बोलतोय तेव्हा

बोलू द्या. मधे "हो हो मॅडम, समजलं" करू नका, समजलेलं नसतं. एक कागद घ्या आणि त्यात बिघाडाशिवाय अजून एक गोष्ट शोधा: या माणसाचं त्यामुळे नक्की काय गेलं. माझ्या वॉशिंग मशीनच्या बाईंना मशीनचं एवढं नव्हतं, त्यांनी बसवणाऱ्याची वाट बघत दोन वेळा अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती आणि तिसरी मागायची त्यांना लाज वाटत होती. हे त्या चौघांपैकी कोणालाच कळलं नाही, मलाही शुक्रवारी नव्हतं कळलं, कारण आम्ही सगळे मॉडेल नंबर विचारत होतो.

सिस्टममध्ये दिसतंय ते परत विचारू नका. ऑर्डर नंबर समोर आहे ना, मग "तुमची १२ तारखेची ऑर्डर दिसतेय मला, बरोबर?" असं म्हणा. आणि ऐकून झालं की आपल्या शब्दांत परत सांगा, "म्हणजे दोनदा माणूस आला नाही, दोन्ही वेळा तुम्ही कामावरून अर्धा दिवस घरी थांबलात, आणि आता कामाची वेळ सोडूनच यायला हवंय." यानंतर "तुमची अडचण मी समजू शकते" हे वाक्य म्हणायची गरजच पडत नाही, आणि हे न करता ते वाक्य म्हटलं तर ते जखमेवर मीठ असतं.

माफी, एका श्वासात

"आपली काही गैरसोय झाली असल्यास क्षमस्व." हे वाक्य मला कोणी बंद करायला दिलं तर मी उद्याच करेन. त्यातलं "असल्यास" बघा. माणूस तीन दिवस बोंबलतोय की गैरसोय झाली आणि आपण म्हणतोय झाली असेल तर बरं का! "चूक झाली आहे" यातही मेख आहे, कोणाकडून झाली, आकाशातून पडली का? "आमच्याकडून चुकलं. माणूस पाठवतो म्हणालो आणि पाठवला नाही. सॉरी." एवढं पुरे. तीन वेळा सॉरी म्हटलं की ते रडगाणं होतं आणि कस्टमरला वाटतं आता ही मला सॉरीवरच कटवणार.

आणि दुसऱ्या डिपार्टमेंटवर ढकलू नका. "मॅडम ते इन्स्टॉलेशनवाल्यांचं काम आहे, आमच्याकडे येत नाही" हे खरंच असेल, पण पैसे देताना त्यांनी इन्स्टॉलेशनवाल्यांना वेगळे आणि तुम्हाला वेगळे दिले नव्हते. त्यांच्यासाठी सगळी एकच कंपनी, आणि आत्ता फोनवर ती कंपनी म्हणजे तुम्ही. टोलवाटोलवी नको.

एक अपवाद मात्र डोक्यात पक्का ठेवा. कोणाला इजा झालीये, आग लागली, शॉक बसला, औषधाचा किंवा लहान मुलाचा विषय आहे, तर तिथे आपल्या मनाने कारण सांगत बसू नका आणि "आमचीच चूक" असंही घाईने म्हणू नका, कारण ते तुम्हाला माहीत नसतं. आधी माणूस सुरक्षित आहे का विचारा, वस्तू वापरणं बंद करायला सांगा, वीज किंवा गॅसचं असेल तर तो बंद करायला सांगा, गरज असेल तर आधी डॉक्टर किंवा अग्निशमन दल, आणि त्याच मिनिटाला वर कळवा.

उपाय: दोन ठेवा, निवड त्याची

आपल्याला सोयीचा एकच उपाय पुढे करायची सवय असते. दोन ठेवून बघा. "नवीन मशीन गुरुवारी पाठवू शकते, किंवा पैसे परत हवे असतील तर ते आत्ता लगेच सुरू करते, तुम्हाला काय बरं पडेल?" बिघाडाने माणसाच्या हातातून गोष्टी निसटलेल्या असतात, निवड दिली की थोडं तरी हातात परत येतं. कधीकधी तो तिसरंच काहीतरी सांगतो आणि ते दोन्हीपेक्षा स्वस्त असतं. बाईंना मी "एक महिन्याची जास्तीची वॉरंटी देते" म्हणाले, फार उदार वाटत होतं मला. त्या म्हणाल्या, "वॉरंटी नको, माणूस सकाळी साडेसातला पाठवा, मी नऊला निघते." झालं. एवढंच हवं होतं. टेक्निशियनची शिफ्ट आठला सुरू होत होती, मी त्याला फोन करून विचारलं, तो म्हणाला मला त्याच भागातून यायचंय, येतो. शुक्रवारी विचारलं असतं तर शनिवारीच संपलं असतं.

आधी दुरुस्ती, मग गोडधोड. कूपन देऊन बोळवण करू नका, विशेषतः मूळ काम झालेलं नसताना. ज्या दुकानाने आत्ता आपल्याला फसवल्यासारखं वाटतंय त्याच दुकानात पुन्हा खरेदी करायचं कूपन म्हणजे थट्टाच वाटते.

वेळ सांगताना हातचं राखून सांगा. दोन दिवस लागतील असं वाटलं तर तीन सांगा, कारण तुटलेला पहिला शब्द एकवेळ माफ होतो पण सुधारताना दिलेला दुसरा शब्दही तुटला की मग तुम्ही कितीही गोड बोला, विषय संपला. माझ्या "उद्या संध्याकाळपर्यंत नक्की" मधलं "नक्की" कुठून आलं होतं माहितीये? कुठूनच नाही. फोन ठेवायची घाई होती, वेळ मारून नेली.

पैशाच्या तक्रारींबद्दल थोडं जास्त सांगते कारण तिथे नवीन लोक हमखास अडकतात. "माझे दोनदा पैसे कापले" असा फोन आला की आधी बघा, दुसरी रक्कम खरंच जमा झालीये की बँकेने नुसती अडवून ठेवलीये. कार्ड वापरताना कधीकधी व्यवहार अर्धवट राहतो, रक्कम अडवलेली दिसते आणि काही दिवसांनी आपोआप मोकळी होते, तिथे रिफंड देता येत नाही कारण पैसे आपल्याकडे आलेलेच नसतात. हे कस्टमरला साध्या भाषेत समजवा, "आमच्याकडे एकच पेमेंट दिसतंय" असं तुटक बोलून ठेवू नका, त्याला ते तुम्ही खोटं बोलताय असं वाटतं, कारण त्याच्या मोबाइलवर दोन दिसतायत. आणि खरंच रिफंड केला असेल तर नुसतं "सात दिवसांत येईल" म्हणू नका. कार्डवरच्या रिफंडला एक संदर्भ क्रमांक असतो, एआरएन म्हणतात त्याला, तो पेमेंट टीमकडून मिळवा आणि द्या. मग सात दिवसांनी पैसे दिसले नाहीत तर तो माणूस आपल्या बँकेला तो नंबर देऊन शोधायला लावू शकतो. हा एक नंबर दिला की पुढचे तीन फोन वाचतात, त्याचेही आणि आपलेही.

दुसऱ्याकडे द्यावं लागलं तर

देताना कहाणी तुम्ही सांगायची, कस्टमरने नाही. आधी त्या सहकाऱ्याला लाइनवर घ्या, अर्ध्या मिनिटात सगळं सांगा, मग जोडा. आणि घरी जाताना उघडं असलेलं प्रत्येक टिकेट असं लिहा की उद्या तुम्ही आलाच नाहीत तरी चालेल. "कस्टमरला कळवले" ही नोंद नव्हे. त्या सोमवारनंतर मी अशी लिहायला लागले:

"वॉशिंग मशीन बसवायचंय, दोनदा टेक्निशियन गेला नाही, चूक आपली. मॅडम ९ ला कामावर निघतात, त्याआधीच यायला हवं, रजा परत काढू शकत नाहीत. मंगळवार स. ७.३० ठरलंय, टेक्निशियनशी मी स्वतः बोललेय. मंगळवारी ७ वाजता त्याला फोन करून निघाला का बघणे. निघाला नसेल तर मॅडमना ७.१० च्या आत कळवणे. हे दोन्ही फोन: मी. मी नसेन तर सकाळची शिफ्ट. त्यांना पहिल्यापासून काही विचारू नये."

लिहायला दोन मिनिटं लागतात. शेवटची ओळ वाचून एका सहकाऱ्याने मला टोमणा मारला होता, पण आठवड्याभरात तोही तसंच लिहायला लागला.

कुठे पुढाकार घ्यायचा नाही

मदत करायची खुमखुमी असलेल्या माणसाला फसवणं सगळ्यात सोपं असतं, हे फसवणाऱ्यांना पक्कं माहीत आहे. "माझ्या आईचं अकाउंट आहे, ती हॉस्पिटलमध्ये आहे, नुसता मोबाइल नंबर बदलून द्या ना प्लीज" असा फोन येईल, मागे लहान मूल रडत असेल, आवाज अगदी काकुळतीला आलेला असेल. खरंही असेल. तरी ओळख पटवायची पायरी सोडायची नाही, ओटीपी विचारायचा नाही आणि सांगायचाही नाही, एकाच्या अकाउंटची माहिती दुसऱ्याला द्यायची नाही, मग तो नवरा असो की मुलगा. अशा वेळी पुढाकार म्हणजे नियमात बसणारा रस्ता त्याच्यासाठी आपण शोधून देणं, कुठला अर्ज, कुठली कागदपत्रं, कोणाकडे. नियम वाकवणं नव्हे.

शिव्या देणाऱ्यांबद्दल थोडक्यात. राग ऐकायचा, शिवी ऐकायची नाही. एकदा शांतपणे सांगायचं की "मला तुमचं काम करायचंय, पण असं बोललात तर फोन ठेवावा लागेल", दुसऱ्यांदा तेच झालं तर ठेवायचा, नोंद करायची, टीम लीडरला सांगायचं. आणि मग पाच मिनिटं उठून पाणी पिऊन यायचं, नाहीतर ती शिवी पुढच्या बिचाऱ्या कस्टमरवर निघते, मी काढलीये म्हणून सांगतेय.

काम झाल्यावर परत एक फोन

टिकेट बंद झालं की सगळे सुटकेचा श्वास टाकतात. दोन-तीन दिवसांनी परत एक फोन करा. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि सहकाऱ्यांचा १९९३ चा एक प्रयोग आहे: लोकांना एकदा ६० सेकंद थंडगार पाण्यात हात बुडवायला लावला, आणि एकदा तेच ६० सेकंद अधिक वर ३० सेकंद, फक्त त्या शेवटच्या ३० सेकंदांत पाणी एका अंशाने कमी गार केलं. परत कुठलं कराल विचारल्यावर बहुतेकांनी लांबलेलं निवडलं! त्रास जास्त वेळ होता, पण शेवट जरा बरा होता. आपलं काम म्हणजे पुष्कळदा तो शेवटचा एक अंश असतो.

इथे एक सावधगिरी, कारण ऑफिसात कोणीतरी शहाणा तुम्हाला सांगेलच की चूक करून ती छान सुधारली की कस्टमर आधीपेक्षा जास्त खूश होतो. १९९२ मध्ये मॅकलॉ आणि भारद्वाज या संशोधकांनी या कल्पनेला नावही दिलं होतं, सर्व्हिस रिकव्हरी पॅराडॉक्स. पण २००७ मध्ये आधीचे अभ्यास एकत्र करून तपासले तेव्हा दिसलं की समाधान वाढतं खरं, मात्र माणूस त्यामुळे परत खरेदी करेलच असं काही सिद्ध होत नाही. माझाही अनुभव तोच आहे, लोक थँक्यू म्हणतात, पाच स्टार देतात आणि हळूच दुसरीकडे जातात. तेव्हा त्याच चुका पुन्हा पुन्हा सुधारत बसण्यात शौर्य मानू नका, चूक कुठून येतेय ते शोधा. सोपा उपाय: एक वही, त्यात रोज तीन ओळी, आज काय फसलं, कोणाचं, आधी कधी फसलं होतं. महिन्याने वही टीम लीडरपुढे ठेवा. "लोक खूप तक्रारी करतायत" असं मोघम सांगितलं तर कोणी ढिम्म हलत नाही, "हीच गोष्ट २३ वेळा झाली, ही बघा टिकेटं" म्हटलं की मीटिंग लागते.

बाईंचं मशीन मंगळवारी आठच्या आत बसलं. गुरुवारी मी फोन केला, जरा धाकधूक होतीच. "हो, चालतंय," त्या म्हणाल्या, अगदी कोरडेपणाने, आणि मी फोन ठेवणार एवढ्यात म्हणाल्या, "फक्त ते मागचं पाणी जायचं नळकांडं वीतभर कमी पडतंय, मी खाली बादली ठेवलीये. असू दे, त्याच्यासाठी आता परत तुम्हाला फोन करायची माझ्यात ताकद नाही." लांब पाइप त्याच दिवशी पाठवला. मग सहज म्हणून त्या मॉडेलची जुनी टिकेटं उघडून बघितली, तर पाणी गळतंय अशी अजून नऊ निघाली. नऊच्या नऊ बंद केलेली, आणि कारणाच्या रकान्यात सगळीकडे एकच ओळ: "ग्राहकाने मशीन चुकीच्या जागी ठेवले." त्यातली दोन मीच बंद केली होती.